केरू गव्हाणे आणि एकोणतीस अक्षरं

केरू तुकाराम गव्हाणे यांनी गेल्या सव्वीस वर्षांत कुणाचंही, कशाचंही, एकदाही कौतुक केलेलं नाही. हे मी शपथेवर सांगतो. सिडकोतल्या आमच्या कॉलनीत त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये एकच भिंत आहे, आणि कौतुकाच्या आशेने त्यांच्या दारात सगळ्यांत जास्त वेळा जाऊन हात हलवत परत आलेला माणूस मीच आहे.

मी धनराज अहिरे. बत्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. कौतुकाची मला सवय आहे. भूक आहे म्हटलंत तरी मी भांडायला येणार नाही. घराला नवा रंग दिला तेव्हा मी केरूभाऊंना मुद्दाम बोलावून आणलं. त्यांनी भिंतीवर अंगठा घासला, अंगठ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वाळलाय." मुलाच्या लग्नातली जिलेबी कशी होती विचारलं, तर म्हणाले, "गोड होती." मी इंग्रजी व्याकरणाचं एक पुस्तक लिहिलं. स्वखर्चाने छापलं, हे कशाला लपवू. पहिली प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. हातावर तोलली, कडांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चौरस कापलंय." पुढचे आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. आठ दिवसांनी समजलं की मी बोलत नाही हे त्यांच्या लक्षातच आलेलं नव्हतं.

घरातही तीच तऱ्हा. त्यांच्या पत्नी मंगलाबाई यांच्या हातचे मांडे आणि आमटी खायला लोक सणाची वाट बघत. जेवणानंतर केरूभाऊंचा अभिप्राय ठरलेला: "मीठ आहे." लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं आपण रडायचो, असं मंगलाबाईंनीच माझ्या बायकोला सांगितलं होतं. नंतर त्यांनी एकदा भाजीत मुद्दाम मीठ घातलं नाही. केरूभाऊ निमूट जेवले आणि म्हणाले, "भाजी आहे." तेव्हापासून त्यांनी नाद सोडला.

या माणसाकडची सर्वांत वरची पायरी म्हणजे 'चालेल'. त्याच्यावर काही नाही. ताजमहाल दाखवला असता तरी त्यांनी खांबांना हात लावून 'चालेल' म्हटलं असतं, आणि शहाजहानने ते भाग्य समजायला हवं होतं.

लोक म्हणत, नोकरीचा परिणाम आहे. केरूभाऊ अंबडच्या एका कारखान्यात शेवटच्या तपासणीवर होते. गाड्यांना लागणाऱ्या पिना तिथे बनायच्या. एक पिन उचलायची, गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालायची. एका बाजूने ती गेली पाहिजे, दुसऱ्या बाजूने अडली पाहिजे. तशी झाली तर 'चालेल'च्या ट्रेमध्ये, नाहीतर तांबडा रंग फासून भंगारात. चौतीस वर्षं हेच. तपासणीच्या कागदावर 'उत्तम', 'अप्रतिम' असे रकानेच नसतात. पिन एकतर चालते, नाहीतर चालत नाही. त्यांच्या हातून गेलेली एकही पिन गिऱ्हाइकाकडून परत आली नाही, असं म्हणतात. हेही दुसरेच म्हणतात, ते स्वतः नाही.

पण हे मला पटत नव्हतं. पिनांची तपासणी मीही समजू शकतो. जिलेबीची कसली तपासणी?

या बाबतीत त्यांच्या कारखान्यातल्या एचआरच्या मॅडमचं आणि माझं एकमत होतं. त्यांचं नाव उज्वला. वय तिशीच्या आत, आणि कौतुकाच्या बाबतीत हात इतका सैल की विचारू नका. त्यांनी आल्या आल्या भिंतीवर एक मोठा फळा लावला आणि दर महिन्याला त्यावर 'स्टार' कामगारांचे फोटो झळकायला लागले. दोन वर्षांत दोनशे कामगारांच्या कारखान्यात दोनशे दहा स्टार झाले. काही जण दोनदा झाले. ज्याने डबा वेळेवर धुतला तो स्टार, जो सुट्टीवरून ठरल्या दिवशी परत आला तो स्टार. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही हेच चालतं, त्यामुळे मी हसायला नको. कुणी सकाळी गुलाबाचं फूल टाकलं तरी वीस जण टाळ्या वाजवतात.

तर या उज्वलामॅडम दरवर्षी सगळ्यांना एक फॉर्म द्यायच्या. स्वतःच स्वतःला पाचपैकी गुण द्यायचे. बाकीचे सगळे पाच घ्यायचे, लाजरेबुजरे चार. केरूभाऊ स्वतःला एक द्यायचे. दरवर्षी एक. पहिल्या वर्षी मॅडमना वाटलं, माणसाला इंग्रजी कळलं नाही. त्यांनी मराठीत समजावलं. केरूभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा एक लिहिला. मग मॅडमनी त्यांना आत्मविश्वासाच्या शिबिराला पाठवलं. तिथे आरशात बघून 'मी श्रेष्ठ आहे' असं दहा वेळा म्हणायचं होतं. केरूभाऊ म्हणाले, "आरसा तडकलाय." आणि तो खरंच तडकलेला होता.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्याच्यामुळे हे सगळं लिहायची वेळ आली.

इंग्रजीत एकोणतीस अक्षरांचा एक शब्द आहे. फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. अर्थ एवढाच, की एखाद्या गोष्टीला कवडीमोल ठरवणं. मराठीत आपण नुसतं नाक मुरडतो, त्याला इंग्रजांना एवढा खटाटोप लागला. त्यांच्याकडच्या एका बड्या शाळेतल्या लॅटिन व्याकरणात म्हणे एक यादी होती: 'किंमत नाही' हे किती तऱ्हांनी म्हणता येतं त्याची. एक शब्द म्हणजे लोकरीचा पुंजका. एक म्हणजे फोलपट. एक म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे केस. कुणा तरी टवाळ विद्वानाने हे चारही शब्द एकापुढे एक जोडले आणि मागे शेपूट लावून दिलं. पावणेतीनशे-तीनशे वर्षांपूर्वीची ही गंमत. मी दरवर्षी दहावीच्या वर्गात पहिल्याच दिवशी हा शब्द फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहायचो. मुलं आ वासायची. ज्या माणसाला एवढा मोठा शब्द येतो, त्याच्या तासाला दंगा करायची कुणाची छाती होत नसे.

केरूभाऊ म्हणजे हा शब्द पायजमा घालून अंबडला कामाला जातो, असं मी स्टाफरूममध्ये सांगायचो. लोक खूप हसायचे.

हा शब्द एका दमात न अडखळता म्हणणारी माझी एकच विद्यार्थिनी निघाली, आणि ती केरूभाऊंचीच मुलगी, तेजस्विनी. तिचं हे नाव मंगलाबाईंनी ठेवलेलं. बारशाला केरूभाऊ म्हणाले होते, "नाव काय ठेवायचं ते ठेवा, मी गबाळीच म्हणणार." आणि खरंच त्यांनी तिला जन्मभर तेच म्हटलं. शाळेच्या फाटकाशी, पोरांच्या घोळक्यासमोर, "गबाळे, डबा विसरलीस!" मी स्वतः ऐकलंय. पोरगी मान खाली घालून डबा घ्यायची आणि त्या दिवशी तो तसाच घरी परत न्यायची.

तो शब्द पाठ झाला त्या संध्याकाळी ती पळत घरी गेली. मी भिंतीपलीकडे कान देऊन बसलो होतो, कारण तिच्या कौतुकात थोडं माझंही होतं. तिने तो शब्द खणखणीत म्हणून दाखवला. मग केरूभाऊंचा आवाज आला, "पाणी पी."

ती पुढे इंजिनिअर झाली. कॉलेजात असताना तिने काढलेल्या एका यंत्राच्या आराखड्याला बक्षीस मिळालं, तो कागद तिने बापापुढे पसरला. त्यांनी खिशातली पट्टी काढली, दहा मिनिटं मापं घेतली आणि म्हणाले, "ही रेघ अर्धा मिलिमीटर सुटलीय." सुटली होती. परीक्षकांना दिसली नव्हती. पण म्हणून काय झालं?

यंदा तिला जर्मनीत नोकरी लागली. मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत. म्हणजे बापाचीच विद्या, फक्त हाताऐवजी यंत्राने. योगायोग असा, की केरूभाऊंच्या निवृत्तीचा समारंभ शनिवारी आणि तिचं विमान पुढच्या गुरुवारी. त्याआधी एका दुपारी ती माझ्याकडे आली. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"पप्पा काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, तिकडे थंडी असते."

ती हसली, पण ते हसणं टिकलं नाही. पंचवीस वर्षांची पोरगी माझ्या खुर्चीत बसून आठवीतल्यासारखी रडायला लागली. "सर, मला दुसरं काही नको. एकदा, फक्त एकदाच, त्यांच्या तोंडून ऐकायचंय की छान केलंस. मी जाईन, दोन-तीन वर्षं येणार नाही. मला ते न ऐकता जायचं नाही. शनिवारी शेजारी म्हणून तुम्ही बोलणार आहात ना? काहीतरी करा. चारचौघांत तरी ते बोलतील."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "बोलतील. कसे बोलत नाहीत तेच बघतो." मला तिची दया आली होती, हे खरं. पण भिंतीवर अंगठा घासणाऱ्या त्या माणसाला चारचौघांत धुवायची संधी आली म्हणून उकळ्याही फुटत होत्या, हेही तितकंच खरं.

शनिवारी कारखान्याच्या कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मागे कापडी फलक, त्यावर केरूभाऊंचा फोटो आणि खाली इंग्रजीत 'लेजंड'. उज्वलामॅडमनी सूत्रसंचालन हाती घेतलं आणि दहा मिनिटांत केरूभाऊंना हिरा, रत्न, दीपस्तंभ आणि वटवृक्ष करून टाकलं. केरूभाऊ पुढच्या रांगेत बसले होते. दर विशेषणाला ते खुर्चीत आणखी आक्रसत होते आणि नजर इकडेतिकडे फिरवत होते, जणू कुणी ऐकत तर नाही ना. मला वाटलं, नाटक. शेजारी मंगलाबाई, त्यांच्या शेजारी तेजस्विनी. एक खुर्ची रिकामी होती, ती झुंबरआत्यांची. केरूभाऊंच्या या आत्या घोटीजवळच्या गावाहून एसटीने निघाल्या होत्या. पाथर्डी फाट्यावर उतरायच्या, त्या डोळा लागला म्हणून थेट पुढच्या द्वारका चौकात पोचल्या आणि तिथल्या गर्दीतून रिक्षाने उलट्या येत होत्या.

माझं नाव पुकारलं गेलं. मी माईक हातात घेतला आणि तो शब्द सोडला.

फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. सभा गार. मी अर्थ सांगितला, लोकरीच्या पुंजक्याची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, "मित्रहो, ही चालतीबोलती एकोणतीस अक्षरं तुमच्यासमोर बसली आहेत. यांनी माझ्या घराला, माझ्या पुस्तकाला, वहिनींच्या आमटीला आणि स्वतःच्या पोटच्या पोरीला कधी खिजगणतीत धरलं नाही." हशा पिकला. मला चेव चढला. मी जिलेबी सांगितली, पुस्तक सांगितलं, आरसा सांगितला. कामगार मांड्यांवर थापा मारत हसत होते. केरूभाऊही खाली बघून किंचित हसत होते. मग मी आवाज खाली आणला. "केरूभाऊ, तुमची मुलगी गुरुवारी परदेशी चालली आहे. ती शेजारी बसली आहे. आज सगळ्यांच्या साक्षीने तिला एक चांगला शब्द द्या. द्याल का?"

हशा थांबला. तेजस्विनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. केरूभाऊंनी नकारार्थी मान हलवली. अगदी थोडी, पण मला दिसली आणि तिलाही दिसली.

नेमक्या त्याच वेळी झुंबरआत्या आत आल्या. पंच्याहत्तरीच्या आसपास, नऊवारी, हातात कापडी पिशवी. रिकाम्या खुर्चीवर बसल्या, घाम पुसला आणि कँटीनभर ऐकू जाईल अशा आवाजात मंगलाबाईंना विचारलं, "हा मास्तर केरूला कशापायी बोलतोय?"

मी म्हटलं, "बोलत नाही आत्याबाई, एक इंग्रजी शब्द समजावून सांगतोय. कुणी सगळ्यालाच कवडीमोल म्हणत असेल तर त्याला तिकडे असं म्हणतात. लोकरीचा पुंजका, फोलपट, केस, काही नाही, असे चार शब्द जोडून..."

"फोलपट?" आत्या पुढे सरकल्या. "फोलपट म्हंजी आपला कोंडाच की. ह्याला कोंड्यालाच घेतलाय."

कुणाला काही कळलं नाही. केरूभाऊ पटकन म्हणाले, "आत्या, राहू दे."

"राहू दे कशाला? आता साठीला टेकलास. आता कोण नेतंय तुला? आता सांगितलं तरी चालतंय." त्या माझ्याकडे वळल्या. "मास्तर, ह्याच्या आधी माझ्या वहिनीला, ह्याच्या आईला, चार झाली. पहिला राजाराम. मंग सोनाबाई. मंग हिरामण. मंग माणिक. एक बी वर्साचं झालं नाय. माझी आजी व्हती, ती म्हणली, नावं लय मोलाची ठेवता, त्या वरच्याच्या डोळ्यात भरतंय. आता व्हईल त्याला केर म्हणा. झाडून काढलेला केर कोण उचलतंय?"

माझ्या हातात माईक तसाच होता.

"हा झाला. पाचव्या दिशी सुपात घातला आन उकिरड्यावर नेऊन ठेवला. मी पंधरा वर्सांची. मला शिकवून धाडलेलं. मी गेले, उचलला, दारात आले. वहिनी इचारती, काय आणलं गं? म्हणलं, केर हाय. ती म्हणली, देतीस का? म्हणलं, पसाभर कोंडा दे आन घे. तिनं भाताचा कोंडा दिला, मी पोर दिलं. झाला सौदा." आत्यांनी दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. "तवापास्नं ह्याला घरात कुणी चांगलं म्हणलं नाय. वहिनी मरंस्तवर म्हणली नाय. लय माया दाटून आली का तोंडानं शिव्या द्यायची. आन बघा, जगला. चार मेलेली, हा जगला."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं मला विचारलं, "मास्तर, तो शब्द ज्यानं केला, त्याची किती पोरं गेली व्हती?"

मी म्हटलं, "नाही... तसं नाही. गंमत म्हणून केला होता."

"मंग येवढा मोठा कशाला लागला?"

बत्तीस वर्षांत वर्गात मला इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी माईक उज्वलामॅडमच्या हातात दिला आणि खाली बसलो. मला स्वतःची लाज वाटली. चार मेलेल्या लेकरांच्या पाठचं पोर जगावं म्हणून एका बाईने जन्मभर जीभ आवळून धरली, आणि मी त्यावर हशा वसूल केला.

मॅडमच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण कार्यक्रमपत्रिकेत 'सत्कारमूर्तींचे मनोगत' होतं. त्यांनी केरूभाऊंना बोलावलं. केरूभाऊ उठले. कारखान्याने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी कानाला लावलं आणि म्हणाले, "चालू आहे." कुणी हसलं नाही.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. 'छान' हा शब्द त्यांच्या जिभेवर आला असणार, कारण चेहऱ्यावर सरळ सरळ भीती दिसत होती. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, चौतीस वर्षं यंत्रांमध्ये काढलेला, आणि घाबरला होता. पोरगी गुरुवारी विमानात बसणार. हजारो मैल लांब जाणार. आणि नेमकं आज, सगळ्यांसमोर, माईकवरून तिला चांगलं म्हणा, असं मी त्यांना सांगितलं होतं.

"ही माझी पोरगी," ते म्हणाले. "गबाळी आहे."

तेजस्विनीने वर पाहिलं.

"मला पसाभर कोंड्याला घेतलं होतं." त्यांनी उजवा हात पुढे केला. पिन धरताना धरतात तशी अंगठा आणि बोटाची चिमूट केली आणि तिच्याकडे बघितलं. मग ती चिमूटही हळूच मोकळी केली. "हिला... हिला कुणी चिमूटभरसुद्धा देणार नाही. काहीच देणार नाही. काही किंमत नाही हिची."

आवाज तिथे फुटला. मागच्या रांगेत कुजबुज झाली. एवढं ऐकूनही माणूस पोरीला असं बोलतो, अशा चेहऱ्याने एकदोघे बघत होते. उज्वलामॅडमचे टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच अधांतरी राहिले.

तेजस्विनी उठली. ओढणीने नाक पुसलं, बापापुढे जाऊन उभी राहिली आणि त्यांची ती रिकामी बोटं दोन्ही हातांत धरली. रडत होती, पण त्या दुपारचं रडणं वेगळं होतं आणि हे वेगळं.

"चालेल, पप्पा," ती म्हणाली.

झुंबरआत्यांनी पुढे होऊन दोघांवरून हात ओवाळले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मंगलाबाई तोंडात पदर घालून बसल्या होत्या. पुढे वडे आले, चहा आला. घाईत उज्वलामॅडमनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सर, अहवालात लिहायचंय. ते शेवटचं जे बोलले, ते पॉझिटिव्ह धरायचं की निगेटिव्ह?" मी इंग्रजीचा मास्तर. घरी जाऊन शब्दकोश बघतो, म्हणालो.

घरी आल्यावर मी मोठा शब्दकोश काढला. त्या शब्दाखाली बारीक अक्षरांत एक ओळ आहे, जी मी वर्षानुवर्षं वर्गात गाळत आलो, कारण तिच्यामुळे विनोद ढिला पडायचा. तो शब्द पहिल्यांदा लिहिलेला सापडतो तो एका जुन्या पत्रात. पत्र लिहिणारा म्हणतो, तो माणूस मला सर्वांत आवडला तो याचसाठी, की त्याने पैशाला काडीचीही किंमत दिली नाही. म्हणजे मी जो शब्द आयुष्यभर शिवी म्हणून वापरला, तो तिथे कौतुकाचा होता. मी पुस्तक मिटलं. चौरस कापलेलं होतं.

गुरुवारी सकाळी गाडी आली. तेजस्विनी माझ्या पाया पडली. केरूभाऊंनी तिच्या दोन्ही बॅगांच्या चेन ओढून पाहिल्या, कुलपं हलवून पाहिली, गाडीच्या चारही चाकांना पायाने एकेक ठोकर मारली. "गबाळे, स्वेटर वर ठेवलाय," एवढंच बोलले. गाडी कोपऱ्यावरून वळली तरी ते तिथेच उभे होते.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. या क्षणासाठी मी रात्रीच वाक्यं जुळवून ठेवली होती: किती गुणाची पोर, तुमचं नाव काढलं, अशी मुलगी नशिबाने मिळते. मी तोंड उघडलं. मग मला आकाशात कुठेतरी जाणार असलेलं ते विमान आठवलं, आणि मी सगळी वाक्यं गिळली.

"पसारा फार करायची," मी म्हणालो.

केरूभाऊंनी माझ्याकडे वळून पाहिलं. सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले होते.

"लय," ते म्हणाले. "लय पसारा, सर." आणि माझ्या दारातल्या पायरीवर बसले.